सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाच्या पेशीच्या केंद्रकात दिसणारा तो गोल ठिपका विभाजनाच्या वेळी कुठे जातो?

कुठे जात नाही, विरघळतो. तो ठिपका म्हणजे केंद्रकी (nucleolus). रायबोसोमचे, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांचे, भाग तिथेच तयार होतात. ठरावीक गुणसूत्रांवर रायबोसोमल आरएनएची (हा रायबोसोमचाच एक घटक) जनुकं असतात, त्यांच्याभोवती ती जमते. पूर्वावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात, गुणसूत्रं आखडत गेली की ते काम मंदावतं आणि अवस्था संपता संपता ठिपका दिसेनासा होतो. अंत्यावस्थेत, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, त्याच जागी छोटे छोटे ठिपके पुन्हा धरतात, पुढे बरेचदा एकमेकांत मिसळतात. म्हणून एका केंद्रकात एक आणि शेजारच्यात दोन दिसले तर घोळ तुमचा नाही.

नेरुळला आमच्या ओट्यावर ग्लासात टेकवलेल्या कांद्याला (वाशी मार्केटचाच) तीन-चार दिवसांत मुळं फुटतात. फक्त टोकाचे दोन-तीन मिलिमीटर घ्या, विभाजन तिथेच जोरात चालतं. तरी बहुतेक पेशी आंतरावस्थेतच (दोन विभाजनांमधला काळ) सापडतील: रंगलेलं दाणेदार केंद्रक, आत फिकट गोल. मध्यावस्थेची (गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात तो टप्पा) पेशी मिळाली तर तो गोल शोधत बसू नका, गुणसूत्रं मोजा. 16 भरायला हवीत, पण ती इतकी एकमेकांवर चढलेली असतात की मला एकदाही धड मोजता आलेली नाहीत. आणि हो, मध्यावस्थेच्या आकृतीत केंद्रकी काढू नका, मार्क जातात.