पावसाळ्यानंतरची पहिली ट्रायथलॉन आणि तुझा रात्री सव्वाअकराचा मेसेज

अगं,

तुझा मेसेज रात्रीच बघितला होता पण मुद्दाम उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळेला मी काहीही लिहिलं असतं तरी तू त्याचा अर्थ "काकू पण नको म्हणतायत" असाच काढला असतास. आता सकाळी चहा घेऊन बसलेय, नेरूळला आज बऱ्याच दिवसांनी कडक ऊन पडलंय, तर जरा सविस्तर लिहिते. ऐरोलीला उतरेपर्यंत वाचून होईल.

तुझं म्हणणं असं की रेसला साडेतीन आठवडे राहिले, पावसाने चार महिने सायकल धड बाहेर काढू दिली नाही, लाँग राईड एकही नाही, पोहणं ठीकठाक, रनिंग त्यातल्या त्यात बरं, तर आत्ता नाव मागे घेते आणि जानेवारीत करते, तोपर्यंत नीट तयारी होईल. नको घेऊस. जानेवारीत तयारी झालेली असेल असं तुला आत्ता वाटतंय, तेव्हा दुसरं काहीतरी निघेल, ऑफिसचं रिलीज असेल, घरात लग्न असेल, गुडघा दुखत असेल. आणि मुख्य म्हणजे ही स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची ट्रायथलॉन आहे गं, 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर पळणं. तू मे महिन्यात हे तिन्ही वेगवेगळे आरामात करत होतीस. चार महिन्यांत ते सगळं पुसून जात नाही, फक्त गंजतं, आणि कुठे कुठे गंज चढलाय ते घरात बसून कळत नाही.

ऑक्टोबरची रेस मी कायम घटक चाचणीसारखी धरते. शाळेत आपण घटक चाचणीला रडायचो का? पेपर मिळाला की कुठे शून्य आलंय ते बघायचं आणि सहामाहीला तेवढंच घोकायचं. तू मात्र पहिल्याच पेपरला बोर्डाच्या परीक्षेचं टेन्शन घेऊन बसलीयेस, वर टायमिंगचं टार्गेट पण लावून घेतलंयस म्हणे. ते टार्गेट आधी काढून टाक. माझ्याकडून तुला एकच टार्गेट, शेवटचे 2 किलोमीटर चालायला न लागता पळायचे. ते जमलं तर बाकीचं सगळं आपोआप नीट झालेलं असतं, कारण ज्याने पाण्यात घाई केली किंवा सायकलवर हिरोगिरी केली तो तिथेच चालताना दिसतो.

ही हिरोगिरी मी स्वतः केलीय म्हणून सांगते. बारा वर्षांपूर्वी, अशीच पावसाळ्यानंतरची पहिली रेस, मी एका मैत्रिणीकडून तिची ती भारी खोल रिमची चाकं मागून आणली, का तर फोटोत छान दिसतात. पोहून बाहेर आले तर माझी सायकल कुठल्या रांगेत लावलीय तेच आठवेना, सगळीकडे सारख्याच सायकली, मी ओल्या कपड्यात इकडून तिकडे धावतेय आणि मार्शल बिचारा हातवारे करतोय. कशीबशी सापडली. पुढे दहाव्या किलोमीटरला पंक्चर. मला पंक्चर काढता येत होतं, ट्यूब होती, पंप होता, पण माझी ट्यूब छोट्या व्हॉल्वची आणि रिम खोल, त्यामुळे व्हॉल्वचं टोक बाहेरच येईना, हवा भरायची कुठून. रस्त्याच्या कडेला एका नारळवाल्याशेजारी बसून मी अख्खी रेस जाताना बघितली. त्याने मला एक शहाळं दिलं आणि पैसे घेतले नाहीत, म्हणाला राहू दे ताई. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. पण त्या एका दिवसात जे शिकले ते पुढे कधीच विसरले नाही, आणि ते सहा महिने सराव करून कळलं नसतं. रेसच्या दिवशी नवीन काहीही वापरायचं नाही, आणि ट्रान्झिशनला, म्हणजे पोहण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून पळण्यावर बदलायच्या जागेत, गेल्यावर आपली रांग पोहण्याच्या एक्झिटकडून चालत येऊन मोजायची, हे दोन्ही तिथलंच.

आता साडेतीन आठवड्यांत काय करायचं.

फिटनेस फार वाढणार नाही हे आधी मान्य कर, म्हणजे तीन आठवड्यांत चार महिने भरून काढायचा मोह होणार नाही. पहिल्या रेसला पोरं अशीच जखमी होऊन येतात. सायकल आठवड्यातून तीनदा काढ, त्यातली एक येऊरच्या चढावर, उपवनपासून वर, दम लागेल पण घाई न करता. बाकीच्या दोन सपाटीवर. ठाण्याहून इकडे सायकलवर येणार असशील तर विटावाच्या रेल्वे पुलाखाली अजून चिखल आणि खड्डे असतील, तिथे उतरून चाल, त्यात काही कमीपणा नाही. त्यापेक्षा बाबांच्या गाडीच्या डिकीत टाकून आण आणि इकडे नवी मुंबईत पाम बीच रोडला चालव. तिथे वारा समोरून लागला की सपाट रस्ता पण चढ वाटतो, तीच खरी प्रॅक्टिस, कारण किनाऱ्यावरच्या रेसला चढ नसतात पण वारा असतोच. फक्त पहाटे. सात वाजले की तिथे गाड्या अशा येतात की विचारू नकोस, आणि मागचा लाल दिवा चालू नसेल तर मी तुला सोबत नेणार नाही.

दर शनिवारी सायकल झाली की लगेच बूट बदलून 2 किलोमीटर पळायचं. याला ब्रिक म्हणतात. पहिल्या वेळेला तुला वाटेल पाय दुसऱ्या कुणाचे तरी लावलेत, गुडघ्याखाली काही आहे की नाही तेच समजत नाही. तासभर ते पाय गोल गोल फिरत होते, त्यांना एकदम सरळ जमिनीवर आपटायला सांगितलं तर ते भांबावतात. पाच दहा मिनिटांत सुटतात. हे एकदा अनुभवलेलं असलं की रेसला घाबरायला होत नाही, नाहीतर माणसाला वाटतं संपलं आपलं, आणि तो चालायला लागतो.

ट्रान्झिशनचा सराव बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कर. मी करायचे तेव्हा वॉचमनने विचारलं होतं, मॅडम सायकल चोरायची प्रॅक्टिस करताय काय. करू दे त्याला विचारायचं ते. हेल्मेट आधी डोक्यावर, पट्टा लावायचा, मग सायकलला हात. उलटं केलंस तर पेनल्टी लागू शकते, आणि परत येताना पण सायकल रॅकवर लटकवल्यानंतरच पट्टा काढायचा. मी एकदा हेल्मेट घालून अर्धा किलोमीटर पळाले होते, ते वेगळं. माउंट लाइनच्या आधी सायकलवर बसायचं नाही, डिसमाउंट लाइनच्या आधी उतरायचं, आणि सायकल रॅकला लावताना हलका गिअर टाकून ठेव म्हणजे निघताना झगडावं लागत नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा वाचवत जायचं नाही, आपल्यासारख्या हौशी लोकांच्या रेसमध्ये बहुतेक ठिकाणी त्याला मनाई असते, अंतर किती ठेवायचं ते ब्रीफिंगला सांगतात. ब्रीफिंगला कान उघडे ठेवून बस, सेल्फी नंतर.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण मला माहितीय तुझी खरी भीती तीच आहे, सायकलचं तू नुसतं कारण सांगतेयस.

तलावात तुला खाली काळी रेघ दिसते, दोन्ही बाजूंना लेनचे दोर असतात, दमलं की भिंत असते. समुद्रात यातलं काही नाही. पावसाळा नुकताच संपलेला, पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसत नाही, त्यात पन्नास जण एकदम पाण्यात उतरतात आणि कुणाची तरी टाच तुझ्या गॉगलवर बसते. घाबरायला होणारच, पट्टीच्या पोहणाऱ्यांना पण होतं. होतं काय, तर सगळे सुटल्या सुटल्या जोरात मारतात, श्वास आत घेतात पण बाहेर सोडायचा विसरतात, छाती भरून येते आणि मग वाटतं बुडतोय. म्हणून तू मागे, कडेला उभी राहा. सगळ्यांना जाऊ दे, वीस आकडे मोज आणि मग निघ. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहा, गाणं गुणगुणलीस तरी चालेल. आठ दहा हातांनंतर मगरीसारखे नुसते डोळे वर काढून बोया, म्हणजे वाट दाखवायला पाण्यात तरंगत ठेवलेली खूण, बघायचा, नाहीतर तू अलिबागच्या दिशेने जाशील. आणि खरंच भीती वाटली तर पाठीवर उलटी हो, आकाश बघ, हात वर करून हलव, छोट्या होडीतला कयाकवाला येतो. कयाक धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. ब्रेस्टस्ट्रोक पण चालतो, ट्रायथलॉनला फ्रीस्टाइलच करायला लागतं असं नाही. हे फार जणांना माहीत नसतं आणि उगाच फ्रीस्टाइल करत दमतात.

गंमत म्हणजे 1974 ला अमेरिकेत सॅन डिएगोला जी पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली त्यात पळणं आधी, मग सायकल आणि पोहणं शेवटी होतं. ट्रॅकवर पळून कंटाळलेल्या क्लबवाल्यांनी जरा बदल म्हणून ती काढलेली. दमलेल्या माणसाला शेवटी पाण्यात सोडणं धोक्याचं, त्यामुळे आता पोहणं पहिलं असतं. म्हणजे तुझ्या भीतीचा विषय ताज्या अंगाने सगळ्यात आधी संपतो, तेवढं तरी बरं मान.

वेटसूटचं, त्या अंग गरम ठेवणाऱ्या रबरी सूटचं, विचारलं होतंस, विसर. आपल्याकडचं पाणी कोमट असतं, तो घालायला परवानगीच मिळत नाही. ट्रायसूट, म्हणजे तिन्हीला चालणारा एकच घट्ट कपडा, एक बरा घे आणि त्याच्यातच पोहून, सायकल चालवून, पळून बघ, काखेत आणि मांड्यांना कुठे घासतं ते कळेल, तिथे रेसच्या दिवशी व्हॅसलीन थापायचं. केसांना आदल्या रात्री तेल लावू नकोस, कॅप घसरते. आणि पाळीची तारीख त्याच दिवसांत येत असेल तर आत्ताच सांग, लाजू नकोस, मी दोन रेस तशाच केल्यात, त्याचंही जमवता येतं, पण ते एकदा सरावात करून बघायला लागतं.

ऊन. आपल्याकडे सीझनची पहिली रेस म्हणजे ऑक्टोबर हीट, आणि बाहेरच्या देशातले प्लॅन बघून ट्रेनिंग करणाऱ्यांची इथेच गडबड होते, कारण तिकडे पहिली रेस थंडीत कुडकुडत असते. हवा दमट असली की घाम नुसता वाहतो, सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. तू रोज पहाटे पाचला तलावपाळीला पळतेस आणि रेसला पळणं येणार नऊच्या उन्हात. अंगाला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत थोडं थोडं, वीस पंचवीस मिनिटं, आठ साडेआठला पळ. हळू. चक्कर, मळमळ, अंगावर काटा आला तर तिथल्या तिथे थांबायचं, सावली, पाणी. आई म्हणेल काळी होशील, तिला म्हणावं काकू काळी होऊनही तिचं लग्न झालेलं आहे.

प्यायला केमिस्टकडचं साधं ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या पाण्यात घट्ट करून प्यायलीस तर पोट बिघडेल. नुसतं साधं पाणी ढोसत राहायचं नाही, मीठ पातळ होतं अंगातलं. सायकलवर थोडं थोडं पी, कारण पळताना पोटात डचमळतं. खायचं म्हणशील तर एवढ्या अंतराला जेलबिल काही लागत नाही, सकाळी दोन तास आधी केळं आणि ब्रेड जॅम, बास. साबुदाण्याची खिचडी नको. एकीने खाल्ली होती, उपास होता तिचा, पुढचं सांगत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. रेसच्या आधी ताप आला तर घरी बसायचं. पावसाळा सरताना डेंगी, व्हायरल सगळं चालू असतं, गोळी घेऊन ताप उतरवला आणि रेसला उभी राहिलीस तर मी स्वतः येऊन तुझी वेळ मोजायची चिप काढून घेईन. आणि दुसरं, रेसच्या आठवडाभर आधी तलावात 750 मीटर सलग, भिंतीला न थांबता पोहता आलं नाही तर रेस नाही. सायकल हळू चालवता येते, पळताना चालता येतं, पाण्यात असं काही करता येत नाही. त्या दोन कारणांनी नाव मागे घेतलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. "तयारी वाटत नाही" हे कारण मला चालणार नाही.

तुला वाटतं सगळे तयार होऊन येतात. 2015 ला मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर झ्युरिकला आयर्नमन ही भरपूर लांबीची ट्रायथलॉन पुरी करून आयर्नमन झाला तेव्हा आमच्या सोसायटीतल्या निम्म्या काकांनी सायकली घेतल्या, आज त्यातल्या बऱ्याच बाल्कनीत टॉवेल वाळत घालायच्या कामाला आहेत. त्या सगळ्यांचं म्हणणं आधी नीट तयारी करू, मग उतरू असंच होतं. उतरले ते दोघेच, आणि त्या दोघांची पहिली रेस माझ्यापेक्षा वाईट झालेली.

रेस झाली की त्याच दिवशी, फोटो टाकायच्या आधी, एका कागदावर लिही. कुठे घाबरलीस, कुठल्या किलोमीटरला पाय गेले, काय विसरलीस, पाणी किती उरलं. टाइम नाही लिहिलास तरी चालेल. तो कागद मला दे, जानेवारीचा प्लॅन आपण त्यावरून करू.

या रविवारी पहाटे साडेपाचला बेलापूरला किल्ला जंक्शनला ये. चेन आधी साफ करून तेल घाल, पावसात गंजलेली असणार, आणि ब्रेक पॅड मेकॅनिकला दाखव. मागचा दिवा. दोन बाटल्या. पळायचे बूट वेगळे. आणि तुझ्या ट्यूबचा व्हॉल्व तुझ्याच रिमला पुरतो का ते घरीच लावून बघून ये, पाम बीचला शहाळंवाला एवढ्या पहाटे नसतो.

काकू