नागपूरहून मलेशियातल्या पेनांगला जातोय. जॉर्ज टाउनमधल्या जुन्या शॉपहाउसचं डिझाइन हॉटेल केलंय, तिथे राहावं का? खोली निवडताना काय बघू?

राहा. फक्त फोटोतल्या नक्षीदार फरशा बघून बुकिंग करू नका. खोली इमारतीत नेमकी कुठे आहे ते आधी विचारा.

शॉपहाउस म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत लांबलचक गेलेली, बहुतेक दुमजली इमारत. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे तिकडे खिडकी नाही. उजेड आणि वारा मधल्या उघड्या चौकातून येतो. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांसारखंच: गरम हवा वर निघून जाते, पाऊस मात्र आत पडतो. पाऊस नको म्हणून काही हॉटेलवाले चौकावर काच टाकतात आणि मग हवा तिथेच कोंडते. म्हणून मेलवर दोन गोष्टी विचारा: चौक उघडा आहे का, आणि खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते, चौकात की मागे? काही खोल्यांना खिडकीच नसते. वर्णनात ‘कोझी’ दिसलं की हे नक्की विचारा.

माझी पसंती वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीला. वरची जमीन लाकडी असते, खालच्या खोलीत प्रत्येक पाऊल ऐकू येतं. रस्त्याकडच्या खोलीत मोटारसायकली. आईवडील सोबत असतील तर मात्र खालचीच घ्या. जिने उभे असतात आणि लिफ्ट बहुधा नसते.

आता गरमीचं. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश असले तरी हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो. पेनांगला पारा साधारण 24 ते 32, पण हवा बारा महिने दमट. जुलै-ऑगस्टमध्ये कूलर लावल्यावर नागपुरात जी चिकचिक होते, ती तिथे कूलर न लावताच. आल्याआल्या एसी 18 वर टाकून झडपांची खिडकी उघडी ठेवलीत, की बाहेरची ओल थंड फरशीवर आणि आरशावर पाणी होऊन बसते. खिडकी बंद करा, एसी 25-26 वर ठेवा आणि पंखा लावा. जुन्या लाकडी झडपा पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे डास येणारच; मच्छरदाणी आहे का विचारून ठेवा. धुतलेली जीन्स खोलीत दोन दिवसांतही वाळेल याची खात्री नाही.

भिंतीची खालची मीटरभर उंची नीट बघा. या भिंती चुन्याच्या. जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्यातून बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट मारला की ओल आत अडकते, फुगे येतात, पोपडे निघतात, पांढरा क्षार फुटतो. चुना तसाच ठेवलेला असेल तर दुरुस्ती जाणत्या माणसाने केलीय असं समजा. फक्त काळी बॅग भिंतीला टेकवू नका, चुना लागेल. चांगल्या कामाचा नमुना बघायचा तर जॉर्ज टाउनमधलाच, निळीच्या चुन्याने रंगवलेला चोंग फॅट झी वाडा बघा. त्याच्या जतनाला 2000 साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तो शॉपहाउस नाही, अनेक चौकांचा मोठा वाडा आहे. तिथे मुक्काम न करताही माहिती देणाऱ्या फेरीत आत जाता येतं.

बाथरूम नंतर बसवलेलं असतं. एक्झॉस्ट थेट बाहेर जातो की चौकात, हेही विचारा. चौकात जात असेल तर सगळ्यांच्या बाथरूमची वाफ तुमच्या खिडकीशी.

प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, आपला चालत नाही. परदेशी पाहुण्यांकडून खोलीमागे रोज 10 रिंगिट पर्यटन कर घेतात. बुकिंगच्या रकमेत तो धरलाय का, ते बघून घ्या.