एक्स्पो भरवून वैर मिटतं का हो?

प्रश्न : पाकिस्तानी लॉनच्या (तलम सुती) कापडाचे स्टॉल दिल्लीत लागायचे, आपले व्यापारी लाहोरला जायचे, आता सगळं ठप्प. मुळात अशा एक्स्पो-कॉन्फरन्समुळे देशांची भांडणं कमी होतात की नुसतं हारतुरे आणि फोटोसेशन? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फोटोसेशन तर असतंच, ते सोडून द्या. मला यावर लाइपझिग आठवतं. १९४९ ला जर्मनीत दोन देश झाले, हे शहर कम्युनिस्ट पूर्वेकडे, आणि तिथे वर्षातून दोनदा व्यापारी मेळा भरायचा. पश्चिमेकडच्या कंपन्या यायच्या, १९५९ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हही येऊन गेले, १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहिली तरी मेळा काही बंद पडला नाही. हॉटेलं पुरायची नाहीत म्हणून लोक घरातली खोली भाड्याने द्यायचे, मग ओळखीचा झालेला पाहुणा पुन्हा तिथेच उतरणार आणि येताना कॉफी-चॉकलेट आणणार.

पण हे टिकलं ते पाहुणचारावर नाही. दोन्ही जर्मनींमधल्या १९५१ च्या बर्लिन करारानुसार एकमेकांचा माल खात्यावर मांडला जायचा, डॉलर लागायचे नाहीत, कस्टम ड्यूटी नाही. म्हणजे स्टॉलवर सौदा झाला की माल खरंच निघायचा.

सरकारांची मैत्री वगैरे झाली असं मी म्हणणार नाही, पूर्व जर्मनीला परकीय चलन आणि मान हवा होता आणि श्टासीचे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचे, हेर पाहुण्यांवर नजर ठेवून असायचेच. उलट हाच मेळा त्यांच्या अंगाशी आला बघा. ४ सप्टेंबर १९८९, सोमवार, मेळ्यामुळे पश्चिमेचे टीव्हीवाले शहरात, निकोलाय चर्चबाहेर काही तरुणांनी मोकळ्या देशाची मागणी करणारं बॅनर धरलं, साध्या वेशातल्या माणसांनी ते काही सेकंदांत खेचून काढलं, पण ते खेचणंच कॅमेऱ्यात आलं!

आता आपलं. २०१२ मध्ये लाहोरला इंडिया शो, दिल्लीत लाइफस्टाइल पाकिस्तान, अटारीला नवीन चेकपोस्ट, सगळं एकाच वर्षात. मग पुलवामानंतर २०१९ मध्ये आपण पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्यूटी लावली, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला, आणि मे २०२५ पासून तर तिसऱ्या देशातून फिरून येणारा पाकिस्तानी मालही आपल्याकडे बंद. ऑर्डर दिली तरी माल यायला कायदेशीर रस्ताच नाही, अशात एक्स्पो भरवून कोण काय साधणार, मला तरी अवघड वाटतं.