पूर्व, पश्चिम की दोन्ही? पहिल्या अमेरिकावारीचा हिशेब

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे. मी ५९ वर्षांचा, मागच्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. पत्नी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते, ती या मे महिन्यात निवृत्त होईल. दोघांनाही पेन्शन आहे, मुले मार्गी लागली आहेत, कर्ज नाही. पुढच्या वर्षी पहिल्यांदाच अमेरिकेला जायचे आहे आणि त्यासाठी साडेआठ लाख वेगळे ठेवले आहेत. एका टूर कंपनीचे पूर्व आणि पश्चिम किनारा मिळून १६ दिवसांचे पॅकेज दोघांना साडेअकरा लाखांत पडते. कमी पडणारे तीन लाख आजारपणासाठी ठेवलेल्या १५ लाखांच्या एफडीतून काढावेत का? की न्यू जर्सीत एडिसनला मावसभाऊ आहे, त्याच्याकडे राहून फक्त पूर्वेकडचा भाग पाहावा? ते बरेच स्वस्त पडेल. पत्नीला मात्र पश्चिमेकडची ग्रँड कॅन्यनची दरी आणि योसेमिटी राष्ट्रीय उद्यान पाहायची फार इच्छा आहे. पॅकेजच्या टोकनचे ५०,००० महिनाअखेरपर्यंत भरायचे आहेत. मला रक्तदाब आहे. आणि प्रवासाचे पैसे तोवर कुठे ठेवावेत?

उत्तर : नमस्कार. एफडीला हात लावू नका, टोकन भरू नका, आणि या वेळी पश्चिमेकडे जा. तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांत हा नव्हता, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

आधी एफडी. मुदतीआधी मोडली तर बँक व्याज थोडे कापते, ती रक्कम किरकोळ आहे. खरी अडचण वेगळी. नोकरीत असताना काढलेले तीन लाख दोन वर्षांत परत भरता येतात. पेन्शनीतून ते भरून निघायला बराच काळ लागतो, आणि नेमक्या त्याच काळात दवाखान्याचा खर्च वाढायला लागतो. १५ लाखांचे १२ लाख करून प्रवासाला निघालात तर तिथेही मन थाऱ्यावर राहणार नाही. त्यामुळे साडेआठ लाख ही वरची मर्यादा धरूनच पुढचे बोलू.

पॅकेजचा तुम्ही पाठवलेला कार्यक्रम मी नीट वाचला. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, मग विमानाने लास वेगास, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर जवळजवळ ४,००० किलोमीटर आहे, सरळ विमानालाही सहा तास लागतात, आणि घड्याळ तीन तास मागे जाते. म्हणजे भारतातून गेल्यावर झोपेची घडी जेमतेम बसते न बसते तोच ती पुन्हा विस्कटते. दिवसाला सरासरी ७२,००० रुपये मोजून त्यातले कितीतरी दिवस बॅगा भरण्यात आणि विमानतळांवर जाणार. मोठ्या देशात पैसा आणि वेळ खातो तो एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याचा टप्पा.

आणि मुख्य गोष्ट. योसेमिटी या कार्यक्रमात नाहीच. ग्रँड कॅन्यन आहे, पण लास वेगासहून एका दिवसात जाऊन परत. दरीचा दक्षिण कडा तिथून साधारण ४५० किलोमीटरवर आहे. नऊएक तास बसमध्ये आणि दोन-तीन तास काठावर. ज्या बाईंनी आयुष्यभर फळ्यावर खडकांचे थर काढून दाखवले, त्यांच्यासाठी हा व्यवहार मला मुळीच पटत नाही. ती दरी सुमारे १.६ किलोमीटर खोल आहे. तळाचे खडक १८० कोटी वर्षांच्या आसपासचे, तर माथ्यावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या थरापेक्षाही कितीतरी तरुण. हे डोळ्यांनी वाचायला पहाट हवी, संध्याकाळ हवी, काठावर मुक्काम हवा.

आता एडिसनचा पर्याय. त्याचा हिशेब मी मन लावून केला, कारण तो खरोखर स्वस्त आहे. डॉलर ९० रुपये धरून विमान, व्हिसा, विमा, वॉशिंग्टन-नायगाऱ्याचे पाच मुक्काम, खाणे आणि फिरणे मिळून दोघांचे पावणेसहा लाखांच्या आत भागते. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालये आणि स्मारके विनामूल्य आहेत, न्यूयॉर्कपासून तिथवर रेल्वेने साडेतीन तास लागतात. बारा-तेरा दिवसांसाठी उत्तम सहल. पण फुकटच्या मुक्कामाने वाचतात ते लाखभर रुपये, आणि त्या लाखासाठी प्रवासाचा हेतूच बदलतो. भाऊ प्रेमाने बोलावतो आहे, यात शंका नाही. तरी तो आणि त्याची बायको आठवडाभर कामावर जाणार, याचाही विचार करा.

माझ्या मते कोणता भाग आधी पाहायचा हे गुडघ्यांवरून ठरवावे. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून २,१०० मीटर उंचीवर आहे. योसेमिटीच्या दरीत धबधब्यांपर्यंत पायी जायचे, चढ-उतार करायचे, रात्री थंडी सोसायची. हे साठीला जमते, सत्तरीला जमेलच असे नाही. संग्रहालये, स्मारके, नायगाऱ्याची बोट पुढे आठ वर्षांनीही तितक्याच आनंदाने होतील. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, म्हणजे माणशी १८५ डॉलर भरलेत की पूर्वेची वारी त्याच व्हिसावर करता येते. ‘पुन्हा कोण जाणार’ या धास्तीपोटी दोन्ही किनारे एकदम उरकण्याची गरज नाही. पेन्शनीतून महिन्याला सहा-सात हजारांची आवर्ती ठेव सुरू केलीत तर सात वर्षांत ती सहल उभी राहते.

पश्चिमेचा आराखडा असा सुचवतो. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को, तिथे तीन रात्री. रेल्वेने मर्सेड, तिथून बसने योसेमिटी, तीन रात्री. मग लॉस एंजेलिसला एक रात्र, आणि तिथून संध्याकाळची लांब पल्ल्याची रेल्वेगाडी; ती पहाटे ग्रँड कॅन्यनजवळच्या फ्लॅगस्टाफला उतरवते. ग्रँड कॅन्यनच्या काठावर तीन रात्री, फ्लॅगस्टाफला एक. लास वेगास मी सरळ वगळले आहे. स्वतः गाडी चालवण्याचा बेत असेल तर सोडा. उजव्या बाजूची वाहतूक, घाटरस्ते आणि भाड्याच्या गाडीचा जबाबदारी विमा, हे तिन्ही पहिल्याच प्रवासात नकोत.

परतताना फिनिक्सहून एडिसनजवळच्या नेवार्कला विमानाने या आणि एडिसनला तीन रात्री राहा. भावाची भेट होईल, एक दिवस न्यूयॉर्क होईल, आणि तिथून मुंबई. जाताना सॅन फ्रान्सिस्को, येताना नेवार्क असे एकत्र तिकीट काढा. दोन सुटी तिकिटे बहुधा महाग पडतात.

खर्च : विमान २.६० लाख, व्हिसा ३३,०००, प्रवास विमा २५,०००, अकरा मुक्काम २.१० लाख, खाणे आणि स्थानिक फिरणे १.३० लाख, अमेरिकेतला प्रवास एक लाख, उद्यानांचा पास २३,०००. एकूण ७.८१ लाख. उरलेले ६९,००० रुपये, डॉलर वधारला तर आणि अडीअडचणीला. खाण्याच्या रकमेत १८-२० टक्के टिप आणि छापील किमतीवर लागणारा कर धरला आहे, नवखे लोक हे विसरतात.

पासबद्दल थोडे. जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यन, योसेमिटी अशा ११ राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पर्यटकांना नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी १०० डॉलर जादा पडतात. दोन माणसे, दोन उद्याने म्हणजे ४०० डॉलर नुसते जादा. परदेशी नागरिकांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे आणि स्वतःहून जाणाऱ्या जोडप्याला तो एकच पुरतो.

विम्यात कंजुषी नको. तुम्हाला रक्तदाब आहे, तो अर्जात स्पष्ट लिहा; लपवलात तर दावा नाकारायला कारण मिळते. संरक्षण किमान एक लाख डॉलरचे घ्या, शक्य तर अडीच लाखांचे.

पैसे ठेवायचे कुठे, हेही विचारले आहे. वर्षभरात लागणारी रक्कम शेअरमध्ये किंवा इक्विटी फंडात अजिबात नको. साडेआठ लाखांच्या तीन-चार एफडी करा, ज्या महिन्यात खर्च येणार त्या महिन्याच्या आसपास एकेक सुटेल अशा बेताने. तुम्हाला साठ पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ नागरिकांचा दर मिळेल, तोवरच्या ठेवी छोट्या मुदतीच्या असू द्या. परकीय चलन कार्डात दहा लाखांपर्यंत टीसीएस (पैसे भरतानाच वसूल होणारा कर) नाही. परदेशी पॅकेजवर तो लागतो. आयकर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर रक्कम अडकून पडते.

काळ मेचा मधला निवडा. योसेमिटीचे धबधबे तेव्हा बर्फ वितळून भरलेले असतात, ऑगस्टनंतर त्यातले बरेच आटतात. मेच्या शेवटच्या सोमवारची मोठी सुटी टाळा, दर चढतात. उद्यानांच्या आतली निवासस्थाने सुमारे वर्षभर आधी आरक्षणाला खुली होतात आणि पटकन भरतात. रद्द करता येणारे आरक्षण आताच करून ठेवा.

मुलाखतीची तारीख मिळायला मुंबईत महिनोन्‌महिने लागू शकतात. म्हणून या आठवड्यात दोघांचा व्हिसा अर्ज भरा. पासपोर्टवर शिक्का पडेपर्यंत परत न मिळणारा एकही रुपया कुणाला देऊ नका, टूर कंपनीला नाही आणि विमान कंपनीलाही नाही.