तिसरीतल्या मुलीसाठी अभ्यासाचं फोल्डर घरी करावं का? त्यात काय काय ठेवावं?

ताई, तुमची लेक तिसरीत आहे. गृहपाठाला बसली की दर दोन मिनिटांनी "आई, सात आठे किती?", "आई, रफार कुठे द्यायचा?" असं विचारते. तिच्यापुरतं एक फोल्डर करून समोर ठेवावं की बाजारातले तयार तक्ते आणावेत, असा तुमचा प्रश्न आहे. मीही नाशिकचाच. आमची मुलगी आता पाचवीत आहे, तिच्यासाठी तिसरीत असताना केलेलं फोल्डर अजून वापरात आहे. तेव्हा अनुभवावरून सांगतो: फोल्डर जरूर करा, तक्ते आणू नका.

तयार तक्त्यांत वाईट काही नसतं. आपली अंकलिपी तेच तर आहे. मुळाक्षरं, अंक, पाढे, आणि जुन्या अंकलिप्यांत पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढेसुद्धा. पण ती सगळ्या मुलांना एकच. तुमच्या लेकीला अडतात दहा-बारा गोष्टी, आणि त्या तिला शेकड्यांनी गोष्टींतून शोधाव्या लागतात. त्यापेक्षा आईला हाक मारणं तिला सोपं वाटणारच.

हे मला कामावर उमगलं. मी अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर आहे. नवीन मुलगा लागला की त्याच्या मशीनवर आम्ही टॅप-ड्रिलचा तक्ता चिकटवतो, म्हणजे भोकात आटे पाडणाऱ्या कोणत्या टॅपसाठी आधी किती मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडायचं त्याची यादी. एम 6 च्या टॅपला 5 चं ड्रिल, एम 8 ला 6.8, एम 10 ला 8.5. हँडबुकात हाच तक्ता मोठा असतो, पण मशीनवर तेवढ्याच ओळी लावायच्या, ज्या त्या मशीनवर लागतात. सुरुवातीला मुलगा दर वेळी मान वर करून बघतो. महिना-दोन महिने गेले की हात आपोआप बरोबर ड्रिलवर जातो. तक्ता तिथेच असतो, बघत कोणी नाही. घरी मला हेच हवं होतं.

तरी पहिल्या वेळी माझं चुकलंच. चौदाखडी, तीसपर्यंतचे पाढे, महिने, ऋतू, विरुद्धार्थी शब्द, जे मिळेल त्याची रंगीत प्रिंट काढली, सगळं लॅमिनेट केलं आणि जाडजूड फाईल तिच्या हातात दिली. दोन दिवस तिने ती कौतुकाने चाळली, मग ती कपाटावर गेली. निम्म्याहून जास्त गोष्टी तिला येतच होत्या. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकायची आणि एकदा केलेलं पान बदलताही यायचं नाही. त्यातच चुकणाऱ्या शब्दांच्या पानावर मी स्वतःच 'आशिर्वाद' लिहिलं होतं. शि ऱ्हस्व. पोरीने ते बघून बघून पक्कं केलं आणि बाईंनी वहीत लाल खूण केली तेव्हा मला कळलं की शब्द 'आशीर्वाद' आहे. म्हणून विनंती करतो, फोल्डरमध्ये जाणारा प्रत्येक शब्द आधी शब्दकोशात बघा. मूल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं.

दुसऱ्या वेळी सुरुवात केली ती तिच्या वह्यांपासून. रविवारी सकाळी मागच्या महिन्याच्या वह्या घेऊन आम्ही दोघं खाली बसलो आणि फक्त लाल खुणा बघितल्या. अंकलेखनात बाईंनी सांगितलं होतं 'एकोणसाठ' आणि तिने लिहिलं होतं 69. 'एकोणचाळीस' होतं तिथे 49. मला आधी वाटलं, लक्ष नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, साठ म्हणजे सहा पुढे, आणि एकोण म्हणजे नऊ." तिच्या हिशेबाने ते अगदी बरोबर होतं. एकोणीस, एकोणतीस, जिथे जिथे एकोण आहे तिथे शेवटी नऊ येतंच की! 'एकोण' म्हणजे 'एक कमी' हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मग तिने एक जिना काढला. पायरीवर 60, माणूस एक पायरी खाली उतरलेला, तिथे 59. तसाच 40 आणि 39 चा. 89 पर्यंत जिने काढून झाल्यावर तिनेच विचारलं, "मग 99 ला एकोणशंभर का नाही म्हणायचं?" नव्व्याण्णव हा अपवाद तिने लाल पेन्सिलीने स्वतः लिहिला. ते पान मी लिहून दिलं असतं तर हा प्रश्न तिला पडलाच नसता.

मराठी आकडे मुलांना जड जातात ते उगाच नाही. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, तुम्हाला आठवत असेल. मला स्वतःला जुनी नावंच प्रिय आहेत, ती मुलांना यायलाच हवीत. पण फोल्डरमध्ये सत्तावीसच्या शेजारी 'वीस सात' लिहिलं तर मुलाला पूल मिळतो.

आता बनवायचं कसं ते सांगतो. मेन रोडच्या स्टेशनरीच्या दुकानातून कार्डाच्या दोन साध्या फायली आणा. दोन्ही उघडा, एकीचं एक पान दुसरीच्या एका पानावर चिकटवा आणि घड्यांना कापडी बाइंडिंग टेप लावा. तीन पानांचं फोल्डर तयार होतं, टेबलावर उभं राहतं, घडी घातली की दप्तरात जातं. आतल्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचे खिसे चिकटवा, तीन बाजूंनी बंद, वरून उघडे. एका पानावर दोन, म्हणजे एकूण सहा. प्रत्येक खिशात एक कागद आणि त्यावर रंगीत कागदाचा पडदा, वरून चिकटवलेला, खालून उचलता येईल असा. सगळा खर्च दीडशे रुपयांच्या आत होतो. सातवा खिसा मागच्या बाजूला लावा, तो कशासाठी ते पुढे येईलच.

पडदा महत्त्वाचा आहे. उत्तर सतत डोळ्यांसमोर असलं की मूल नुसतं उतरवून काढतं. आमचा नियम असा की आधी आठवायचं, वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचं, मग पडदा उचलून ताडून बघायचं. पडदा उचलला की त्यावर एक बारीक रेघ ओढायची. चुकलं का बरोबर आलं, हे मी विचारत नाही.

पाढ्यांचं एवढंच करा: दोन, पाच आणि दहाचे पाढे बहुतेकांना येतात. तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ एवढ्यांचे आपसातले गुणाकार राहतात, आणि सात आठे व आठ सत्ते एकच धरलं तर ते फक्त 21 भरतात. आमच्या लेकीला त्यातले पाचच अडत होते, म्हणून कागदावर पाचच लिहिले.

मराठीच्या खिशात 'र'ची चार रूपं ठेवली होती: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. दऱ्याच्या शेजारी 'दर्या'. एकाखाली तिने दोन डोंगर काढले, दुसऱ्याखाली होडी. 'त्र्यंबक' हा शब्द आपल्याकडे रोज कानावर पडतो, बसच्या पाटीवर दिसतो, तरी मुलं 'त्रंबक' लिहितात, कारण बोलताना य नीट ऐकूच येत नाही. त्याची फोड करून लिहा: आधी त्र, मग त्याला य, मग वर टिंब. आणि एक कागद 'मीठ-मिठात' असा ठेवा. मीठ, तूप, फूल, जीभ दीर्घ. प्रत्यय लागला की मिठात, तुपात, फुलाला, जिभेला ऱ्हस्व. नियम पाठ करण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या या जोड्या तिला चटकन लागू पडल्या.

तिसरीत परिसर अभ्यासात आपल्याच जिल्ह्याचा नकाशा येतो, तोही खिशात ठेवा, पण हाताने काढलेला. आमची लेक पूर्व-पश्चिमेत कायम गोंधळायची. तिचं आजोळ निफाड तालुक्यात. तेव्हा नकाशावर तिने त्र्यंबकपासून गोदावरीची निळी रेघ ओढली, नाशिकवरून निफाडकडे नेली आणि लिहिलं: "नदी आजीकडे जाते. आजी पूर्वेला." खाली सिन्नर, वर दिंडोरी हे त्यावरून आपोआप बसलं. पंधराही तालुके एकदम लिहायला लावू नका. ज्या गावाला ती जाऊन आलीय तिथून सुरुवात करा.

मुलगी सेमी-इंग्रजीला असेल तर गणितातले शब्द दोन्ही भाषांत एका कागदावर हवेत. बेरीज-ॲडिशन, हातचा-कॅरी, इतकंच. शाळेत फोल्डर न्यायचं झालं तर आधी वर्गशिक्षिकेशी बोला. चाचणीच्या वेळी ते दप्तरातच राहील, हे मुलीलाही आधीच सांगून ठेवा.

दर रविवारी पडद्यांवरच्या रेघा मोजा. ज्यावर दोन आठवड्यांत एकही रेघ नाही, तो कागद काढून मागच्या खिशात टाकायचा, आणि तोही मुलीने स्वतःच्या हाताने. आमच्याकडे त्याला 'पास खिसा' म्हणतात. रिकाम्या जागी नवं काही ठेवायची घाई करू नका, वहीतली पुढची लाल खूण येईपर्यंत खिसा रिकामा राहू द्या. आमच्या फोल्डरला असे तीन खिसे रिकामे होते तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, अर्धवट का ठेवलंय? लेकीने फोल्डर उलटं करून मागचा फुगलेला खिसा दाखवला आणि एकेक कागद काढून त्यांना वाचून दाखवायला बसली.

एकोणसाठचा जिना त्यात सगळ्यात खाली आहे. तो मला टाकून देववत नाही आणि तिलाही नाही. आज रात्री मुलगी झोपली की तिच्या मागच्या महिन्याच्या वह्या काढून ठेवा आणि रविवारी तिला शेजारी घेऊन लाल खुणा बघायला बसा. फायली त्यानंतर आणल्या तरी चालतील.