आधी माणूस, मग कॅमेरा

प्रिय भाऊ,

गे प्रौढपट, म्हणजे पॉर्न, करणाऱ्या अमेरिकन दिग्दर्शक वेकफिल्ड पूलसारखे सिनेमे करायचेत, असं तू लिहिलंस. अमळनेरात राहून हे लिहायला छाती लागते, म्हणून मीही मोकळं लिहितो.

पूल मूळचा नर्तक, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर काम केलेला. मित्रांसोबत एक गे प्रौढपट बघायला गेला आणि तो इतका गचाळ वाटला, की याहून देखणं आपण करू, असं त्याच्या मनानं घेतलं. 1971 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड या बेटावर सुमारे 8,000 डॉलरांत 'बॉइज इन द सँड' केला. समुद्रातून त्यातला नट केसी डोनोव्हन चालत येतो, तिथे अंगाआधी त्याची चाल नजरेत भरते. हे नर्तकाच्या डोळ्याचं काम. आणि न्यूयॉर्क राज्यात समलिंगी संबंध 1980 पर्यंत गुन्हा असताना त्यानं सिनेमाला स्वतःचं खरं नाव लावलं! मला त्याचं मोठेपण इथे वाटतं. पैशाचं म्हणशील तर त्याचा पुढचा सिनेमा 'बायबल!' पडला आणि पुढे तो स्वयंपाकाच्या पेशात गेला.

आपल्याकडे 2018 मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून आपली सुटका झाली, पण आयटी कायद्याचं कलम 67अ आहेच. उघड लैंगिक दृश्यं नेटवर टाकली तर पहिल्याच गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. तसा सिनेमा इथे काढू नकोस. पूलची नजर घे, प्रेमाचा सिनेमा कर.

'दोस्तच आहे, चालतंय' म्हणून कुणाला कॅमेऱ्यासमोर उभं करू नकोस. आधी चहा घेत बस त्याच्याशी. हे कुठे दिसणार, घरी कळलं तर काय, सगळं बोला. 'लोकं काय म्हनतीन' ही त्याची भीती खरी आहे, तिला हसू नकोस. एडिट झाल्यावरही तो नको म्हणाला तर तो शॉट काढ, कितीही चांगला असो.

सुरुवात रावेरकडच्या केळीच्या बागेत कर. भरदुपारी पानांतून गाळून येणारा उजेड त्वचेला हिरवट करतो, म्हणून समोरून पांढरं धोतर धर किंवा दिवस कलल्यावर शूट कर. घड कापताना चीक उडतो, कपड्यावर पडला तर डाग जात नाही. एकानं दुसऱ्याच्या मनगटावरचा चीक पुसायचा, एवढंच घे. पाच मिनिटं पुरेत. चांगलं जमलं तर मुंबईच्या 'कशिश' या एलजीबीटी सिनेमांच्या महोत्सवाला पाठवू.

कट आधी त्या दोघांना दाखव, मग मला.

तुझा,
दादा