मनोलीच्या छातीवर ठिपके की खवले?

गुहागरहून एका ताईंनी विचारलंय: भाताच्या बांधावर तपकिरी, जाड चोचीचे इवले पक्षी थव्याने उतरतात. त्यांना मुनिया म्हणायचं की मनोली? आणि छातीवर चक्क खवले दिसत असताना पुस्तकात नाव 'ठिपकेवाली' कसं?

मनोलीच म्हणा. मुनिया हिंदीतून आलेला शब्द; चूक नाही, पण मराठीत तो हलत नाही: एक मुनिया, दहा मुनिया. मनोली मात्र पोळीसारखी चालते. मनोल्या, मनोलीचं घरटं, मनोल्यांचा थवा. कानाला किती सरळ वाटतं!

खवल्यांचं म्हणाल, तर तुमचे डोळे बरोबर आहेत. पक्षी जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा, चिमणीहून लहान. पाठ तपकिरी, गळा गडद, छाती-पोट पांढरट, आणि तिथल्या पिसांना गडद कडा. पिसं एकावर एक बसली की कडांची जाळी होते, थेट माशाच्या अंगासारखी. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली याला 'पंक्च्युलाटा' म्हटलं, म्हणजे बारीक ठिपक्यांची. इंग्रजीतही पूर्वी 'स्पॉटेड मुनिया' होतं. आता 'स्केली-ब्रेस्टेड', म्हणजे खवलेछातीची, रूढ झालंय. आपलं मराठी नाव त्या जुन्या ठिपक्यांशी जुळतं.

खरे ठिपके पाहायचे तर लाल मनोलीचा नर पाहावा: विणीच्या दिवसांत लालभडक अंगावर पांढरे थेंब. (तिचं शास्त्रीय नाव 'अमांडावा' हा अहमदाबादचा अपभ्रंश, तिथून हे पक्षी पिंजऱ्यांतून परदेशी जात.) म्हणून मला 'खवलेदार मनोली' अधिक पटतं. मासळी साफ करणाऱ्या कोकणी माणसाला ते सांगावंही लागणार नाही. पुस्तकात शोधताना मात्र 'ठिपकेवाली'च पाहा.

थव्यात काही पक्षी नुसतेच तपकिरी दिसले तर ती वेगळी जात समजू नका. ती पिल्लं, त्यांना खवले नंतर येतात.

शेजारी तिला सुगरण म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. खाचरात, गवतात दाणे टिपायला दोघी येतात, त्यामुळे गल्लत होते. घरटं बघा. सुगरणीचं फांदीला लोंबतं, विणलेलं. मनोलीचं झुडपात खोचलेलं, गवताचा ओबडधोबड गोळा, बाजूला दार.